निघण्याआधी किलोमीटर कागदावर येऊ द्या

प्रति,
मा. संपादक,

विषय : भाड्याच्या गाड्यांचे किमान किलोमीटर, जादा किलोमीटर आणि दिवस मोजण्याची पद्धत

महोदय,

लग्नसराई सुरू झाली की आपल्या दैनिकातल्या छोट्या जाहिरातींत भाड्याच्या गाड्यांच्या ओळी वाढतात. ‘सात आसनी एसी गाडी, किलोमीटरला १४ रुपये.’ खाली मोबाइल नंबर, बस. या १४ रुपयांबद्दल मला लिहायचं आहे. गेल्या उन्हाळ्यात हेच १४ रुपये मला किलोमीटरमागे जवळजवळ ३० ला पडले. ते कसे पडले हे नीट उमगायला मला दोन दिवस लागले, आणि मी तर नोकरीभर किलोमीटरच मोजत आलो.

एसटीत मी ३२ वर्षं काढली, त्यातली शेवटची ११ वर्षं आगाराच्या वाहतूक शाखेत. गाडी फाटकाबाहेर पडताना मीटरचा आकडा, परत आल्यावर मीटरचा आकडा, मधल्या फेऱ्यांचा हिशेब, रिकाम्या धावलेल्या ‘मृत किलोमीटर’चा वेगळा रकाना, हे सगळं माझ्या टेबलावरून जायचं. शाळेच्या सहलीला किंवा वऱ्हाडाला प्रासंगिक करारावर गाडी द्यायची तर मार्ग आधी ठरायचा. कुठून कुठं, किती किलोमीटर, मुक्काम किती, हे मी मास्तरांच्या किंवा मुलीच्या बापाच्या समोर बसून लिहायचो. आगाऊ रक्कम भरून घ्यायची आणि गाडी परतली की त्याच कागदावर उरलंसुरलं चुकतं करायचं. किमान किलोमीटर तिथंही होते, ते मी नाकारत नाही. पण ते समोरच्याला निघण्याआधी माहीत असायचे.

गेल्या वर्षी धाकट्याचं लग्न झालं. आमचं कुलदैवत तुळजापूरची भवानी. नव्या सुनेला घेऊन देवीला जायचं, वाटेत पंढरपूर, आणि थोरल्या आक्काचा अक्कलकोटचा नवस कित्येक वर्षांचा राहिलेला, तोही फेडायचा, असं ठरलं. तीन दिवस, सहा माणसं. साताऱ्यातल्या एका एजंटाकडं गाडी सांगितली. दर १४ रुपये, चालकाचा भत्ता दिवसाला ४०० रुपये, टोल आणि पार्किंग आपलं. मी विचारलं, “किमान किती धरता?” तो म्हणाला, “दिवसाला ३००, काका, सगळीकडं तेच आहे.” मी हिशेब केला : तीन दिवसांचे ९००, म्हणजे १२,६०० रुपये. प्रत्यक्षात सव्वासहाशेच्या वर गाडी जाणार नाही हे मला दिसत होतं, तरी मी हो म्हटलं. का म्हटलं तेही सांगतो.

तीन दिवस गाडी माझ्या दारात अडकली म्हणजे मालकाला ती दुसऱ्या भाड्याला लावता येत नाही. बँकेचा हप्ता, विमा, परवाना, कर हे गाडी उभी असली तरी चालूच राहतात. कुणी तीन दिवस गाडी नेली, शंभर किलोमीटर फिरवून लॉजच्या अंगणात उभी ठेवली आणि १,४०० रुपये हातावर ठेवले, तर तो धंदा दोन महिन्यांत बसेल. म्हणून दिवसाला अमुक किलोमीटर धरायचे ही रीत पडली. कुणी २५० धरतं, कुणी ३००. हा आकडा कुठल्या कायद्यात लिहिलेला नाही, तो या धंद्याचा रिवाज आहे. तो सरासरीनं धरतात, म्हणजे पहिल्या दिवशी १४० झाले आणि तिसऱ्या दिवशी ४५० झाले तरी चालतं. शेवटी एकूण धाव आणि दिवस गुणिले ३००, यांत जे जास्त त्याचे पैसे. ९०० च्या वर गेलात तर पुढच्या प्रत्येक किलोमीटरला १४ रुपये. इथपर्यंत माझी काही तक्रार नाही.

मंगळवारी पहाटे गाडी आली. निघायच्या आधी मी सवयीनं मीटर बघितला आणि उरलेल्या एका निमंत्रणपत्रिकेच्या पाठीवर लिहिलं : ८४,२१६, सकाळी ६.१०. गाडी साताऱ्याची नव्हती. एजंटाकडं त्या दिवशी गाडी शिल्लक नव्हती, म्हणून त्यानं वाईच्या एका मालकाची गाडी पाठवली होती. या धंद्यात हे रोजचं आहे, ड्यूटी एकानं घ्यायची आणि गाडी दुसऱ्यानं द्यायची. चालक पोरगा चांगला होता. आक्काला हात धरून उतरवायचा, गाडी सावलीत लावायचा.

प्रवास छान झाला. पंढरपूरला मुक्काम, दुसऱ्या दिवशी तुळजापूर, रात्री अक्कलकोट. गुरुवारी सकाळी स्वामींचं दर्शन झालं, अन्नछत्रात प्रसाद झाला आणि दोनच्या सुमाराला निघालो. साडेनवापर्यंत घरी, असा अंदाज होता. म्हसवडच्या थोडं अलीकडं मागचं चाक बसलं. चालकानं स्टेपनी काढली तर तिच्यात हवाच नव्हती. चाक दाबून बघितलं तर बोट आत जात होतं. संध्याकाळचे सव्वासात वाजलेले. एका दुचाकीवाल्याला थांबवून, त्याच्या मागं चाक धरून पोरगा म्हसवडला गेला आणि पंक्चर काढून परत आला, तोवर साडेनऊ झाले. आक्का रस्त्याकडेच्या बंद टपरीच्या फळीवर बसून होती. कुणी कुरकुर केली नाही, देवाहून येताना कशाला तोंड वाजवायचं म्हणून.

घरी पोचलो तेव्हा ११.४० झाले होते. मीटर ८४,८३६. म्हणजे आमच्या दारातून आमच्या दारापर्यंत ६२० किलोमीटर. बॅगा उतरवताना पोरगा म्हणाला, “काका, लवकर सोडा मला, सकाळी सहाला म्हाबळेश्वरची ड्यूटी हाय.” त्यानं ड्यूटी स्लिपचं पुस्तक पुढं केलं. गुलाबी कागद, खाली कार्बन. ‘ओपनिंग’ भरलेलं, ‘क्लोजिंग’ कोरं, ‘टाइम इन’ कोरं. सौभाग्यवतींनी मोबाइलचा उजेड धरला आणि मी सही केली. “बाकीचं गॅरेजला गेल्यावर भरतो,” तो म्हणाला. आगारात ११ वर्षांत एकाही कोऱ्या लॉगशीटवर मी सही केली नव्हती. त्या रात्री केली, याचं मला आजही वाईट वाटतं.

तिसऱ्या दिवशी एजंटाच्या दुकानात हिशेबाला गेलो. बिल १,२०० किलोमीटरचं. भत्ता चार दिवसांचा. १६,८०० आणि १,६००, मिळून १८,४०० रुपये, टोल वेगळा.

“चार दिवस कुठले? मंगळ, बुध, गुरू.”

“गाडी गॅरेजला लागली साडेबाराला, काका. तारीख बदलली. शुक्रवार लागतो.”

“पण आम्ही तर बाराच्या आधी घरात होतो.”

“आपल्याकडं गॅरेज टू गॅरेज असतंय.”

त्यानं पावतीची मागची बाजू दाखवली. फिकट निळ्या बारीक अक्षरांत इंग्रजीत अकरा अटी. त्यात एक अट ‘कॅलेंडर डे’ची होती, म्हणजे रात्री बाराला तारीख बदलली की नवा दिवस धरायचा, आणि एक ‘गॅरेज’ची, म्हणजे गाडी तिच्या गॅरेजातून निघाल्यापासून तिथं परतेपर्यंत सगळं प्रवाशाच्या खात्यावर मोजायचं. आगाऊ ५,००० भरले तेव्हा हीच पावती माझ्या हातात होती. मी पुढची बाजू वाचली होती.

आता या दोन अटी एकमेकींच्या शेजारी ठेवून बघा. एकटी ‘गॅरेज टू गॅरेज’ ही अट मला त्या प्रवासात एक रुपयानंही महाग पडली नसती. वाई ते सातारा ३५ किलोमीटर, येऊन-जाऊन ७०. माझ्या ६२० मध्ये मिळवले तरी ६९० होतात, म्हणजे ९०० च्या आतच. एकटी ‘कॅलेंडर डे’ची अटही लागली नसती, कारण बाराच्या ठोक्याला आम्ही हातपाय धुऊन घरात बसलो होतो. पण दोन्ही एकत्र आल्या आणि माझा दिवस माझ्या दारात न संपता ३५ किलोमीटर पलीकडं, मी कधी न पाहिलेल्या एका गॅरेजात संपला. तिथं घड्याळात साडेबारा झाले आणि त्या अर्ध्या तासाचे ३०० किलोमीटर माझ्या नावावर चढले. ४,२०० रुपये आणि भत्त्याचे ४००. जी गाडी शुक्रवारी पहाटे सहाला महाबळेश्वरच्या भाड्याला गेली, तिचा तोच शुक्रवार मलाही विकला गेला. मधले सव्वादोन तास हवा नसलेल्या स्टेपनीनं खाल्ले होते, ते तर कुठल्याच रकान्यात आले नाहीत.

मी ५०० रुपये कमी करून घेतले आणि बाकीचे दिले. कोऱ्या कागदावर सही माझी होती, भांडायला हातात काय होतं? एजंटाचं नाव मी मुद्दाम लिहीत नाही. तो काही वेगळा माणूस नाही, त्याच्या शेजारच्या दुकानातही हीच पावती छापलेली आहे. आणि त्या पोराला दोष देऊ नये. त्या चौथ्या दिवसातून त्याला काय मिळालं असं मी नंतर फोनवर विचारलं. भत्ता तीन दिवसांचाच मिळाला म्हणाला.

त्यानंतर मी हा विषय सोडला नाही. ओळखीपाळखीत ज्यानं ज्यानं गाडी भाड्यानं घेतली त्याला बिल दाखवायला सांगतो. त्यातून काही गोष्टी स्पष्ट झाल्या, त्या आपल्या वाचकांच्या कामाला येतील म्हणून लिहितो.

आमच्या आळीतल्या एका बाईंची पुण्याच्या रुग्णालयात केमोथेरपी चालू होती. एकूण सहा वेळा जायचं होतं. सातारा-पुणे येऊन-जाऊन २२० किलोमीटर. छोटी गाडी, १२ रुपये दर, किमान ३००. म्हणजे दर खेपेला २,६४० ऐवजी ३,६००. सहा खेपांत ५,७६० रुपये अशा किलोमीटरचे, जे त्या कधी जाणारच नव्हत्या. ज्या घरात इंजेक्शनच्या पैशासाठी गळ्यातलं मोडलं, त्या घराला ५,७६० रुपये काय असतात हे मी सांगायला नको. तिसऱ्या खेपेच्या वेळी मी त्यांच्या मुलाबरोबर दुसऱ्या एका गाडीवाल्याकडं गेलो. त्याला स्पष्ट सांगितलं : पेशंट आहे, मार्ग ठरलेला आहे, वाकडी वाट नाही, संध्याकाळी सहाच्या आत परत. तो लगेच म्हणाला, “जाऊन-येऊन ३,००० द्या, थांबायचं काही नको.” तेव्हा किमान किलोमीटर म्हणजे काही दगडावरची रेघ नाही. अंतर आणि वेळ आधी ठरलेली असेल तर बरेच जण ठोक रक्कम घ्यायला तयार असतात. फक्त आपण विचारलं पाहिजे, आणि फोन करताना ‘किलोमीटरला किती?’ एवढंच विचारून थांबता कामा नये.

ज्यांना कोकणात किंवा आणखी कुठं चार दिवस एकाच ठिकाणी राहायचं आहे, त्यांनी तर चारही दिवस गाडी अडकवून ठेवूच नये. जाताना सोडायला एक आणि आणायला एक, अशा दोन खेपा ठरवल्या तर गाडी रिकामी परत जाण्याचे किलोमीटर धरूनही हिशेब पुष्कळदा कमी येतो. गावातल्या गावात लग्नकार्याला गाडी लागली तर ८ तास आणि ८० किलोमीटर असा ठोक दर असतो. तिथं जादा तास वेगळे आणि जादा किलोमीटर वेगळे असे दोन्ही लागतात, हे मुहूर्त टळू लागला की कुणाच्या लक्षात राहत नाही.

मुलीचा अनुभव याच्या बरोबर उलटा आहे. ती आणि जावई पुण्यात असतात. त्यांनी मोबाइलवरून स्वतः चालवायची गाडी घेतली, काळ्या पाटीवर पिवळे आकडे असतात तसली. ४८ तास, ५०० किलोमीटर, त्यावर प्रत्येक किलोमीटरला १२ रुपये. अमर्याद किलोमीटरचा पर्याय १,९०० रुपयांनी महाग होता, म्हणून त्यांनी स्वस्तातला घेतला आणि तारकर्लीला गेले. पुण्याहून तारकर्ली एका बाजूनं ३९० च्या आसपास. म्हणजे निघायच्या आधीच ७८० झाले! मालवण, देवबाग, कुडाळ असं फिरणं धरून परतले तेव्हा ८७० झाले होते. ३७० जादा किलोमीटर, ४,४४० रुपये, अनामतीतून परस्पर वळते. १,९०० वाचवायला गेले आणि ४,४४० गेले.

मुलगी म्हणते, बाबा, यात त्यांची चूक नाही, सगळं स्क्रीनवर लिहिलेलं होतं. खरं आहे, आणि म्हणूनच मला तो प्रकार साताऱ्याच्या गुलाबी कागदापेक्षा बरा वाटतो. इथं आपल्या हाती एवढंच असतं की बुकिंगच्या आधी नकाशावरचं अंतर काढायचं, त्याची दुप्पट करायची आणि वर तिथल्या फिरण्याचे निदान दहा टक्के धरायचे. कोकणात पंधरा धरा, तिथं शेजारच्या समुद्रकिनाऱ्यावर जायलाही खाडीला वळसा पडतो. तो आकडा मर्यादेच्या वर जात असेल तर वरचा पर्याय घ्यावा. तरीही मला एक वाटतं. तुमचं वय, परवाना, आधार, बँकेचं कार्ड सगळं ते ॲप विचारतं. ‘कुठं चाललात?’ एवढा एक प्रश्न विचारून ‘ही मर्यादा तुम्हाला पुरणार नाही’ असं ते सांगू शकलं असतं.

आणखी एक गोष्ट मुलीच्या बिलावरून कळली. तिच्या मोबाइलच्या नकाशानं सगळा प्रवास ८५५ मोजला होता आणि गाडीच्या मीटरनं ८७०. जावयांना वाटलं, मीटर पळवलाय. मी त्यांना टायर बघायला सांगितले. टायर गुळगुळीत होत आले होते. टायर झिजला की त्याचा घेर कमी होतो, घेर कमी झाला की तेवढ्याच अंतराला चाकाचे फेरे जास्त होतात, आणि मीटर शेवटी फेरेच मोजतो. नव्या टायरच्या नक्षीची खोली ८ मिलिमीटरच्या आसपास असते, कायद्यानं ती १.६ मिलिमीटरपर्यंत चालते. एवढ्या झिजेनं शंभर किलोमीटरमागं दोनेक किलोमीटर जास्त दिसू शकतात. यात कुणी फसवलेलं नसतं. पण रिक्षाचा मीटर वैधमापन खातं तपासून सील करतं, तसं सील गाडीच्या डॅशबोर्डवरच्या आकड्याला नसतं. मग ज्या आकड्यावर हजारो रुपयांची देवाणघेवाण होते त्याचा निदान फोटो तरी दोघांकडं असावा. गाडी ताब्यात घेताना आणि सोडताना, किल्ली फिरवून, आकडा आणि घड्याळ दोन्ही दिसेल असा. चालकासह गाडी असेल तर तो फोटो त्याच्या समोरच काढावा आणि त्यालाही पाठवावा. वाईच्या पोराला मी तेव्हाच फोटो पाठवला असता तर निदान ‘मी घरी किती वाजता पोचलो’ यावर बोलायची वेळ आली नसती.

आता मागणी. किमान किलोमीटर बंद करा असं मी म्हणत नाही. दर सरकारनं ठरवून द्यावेत असंही नाही, घाटातली गाडी आणि सपाटीवरची गाडी एका दरात चालत नाही हे मला कळतं. माझं म्हणणं एवढंच आहे की भाड्याच्या प्रत्येक गाडीबरोबर, निघण्याआधी, मराठीत, वाचता येईल अशा अक्षरांत एक चिठ्ठी प्रवाशाच्या हातात पडली पाहिजे. किलोमीटर कुठून मोजणार, माझ्या दारापासून की गॅरेजपासून? गॅरेजपासून असेल तर ते गॅरेज कुठल्या गावात आहे? दिवस कसा मोजणार, निघाल्यापासून २४ तास की रात्री बाराला बदलणारी तारीख? किमान किती आणि त्यावर काय दर? गाडी बिघडून गेलेला वेळ कुणाच्या खात्यावर? आणि शेवटचा आकडा व वेळ लिहिल्याशिवाय प्रवाशाची सही घ्यायची नाही. पाच-सहा ओळी आहेत, पोस्टकार्डावर मावतील.

दिवसाबद्दल मात्र माझं मत ठाम आहे. प्रवाशाचा दिवस त्याच्या दारात संपला पाहिजे. गाडी वाईची पाठवायची की कऱ्हाडची, हे एजंट ठरवतो. मग तिच्या परतीचे किलोमीटर हवं तर लावा, पण परतीच्या वाटेवर उलटलेली मध्यरात्र प्रवाशाच्या माथी मारू नका. आमच्या एसटीत गाडी आगारात रात्री बाराला लागली म्हणून सातारा स्टँडवर अकराला उतरलेल्या उतारूकडून कुणी पुढच्या दिवसाचं तिकीट मागितलं नाही.

हे सरकारला जमणार नाही असं कुणी म्हणू नये. २०१८ साली राज्य शासनानं खासगी बसचं कमाल भाडं एसटीच्या दीडपटीपेक्षा जास्त नसावं असं ठरवून दिलं. दर ठरवता येतो तर चिठ्ठीचा नमुना ठरवणं त्याहून सोपं आहे. प्रादेशिक परिवहन कार्यालयानं पर्यटक वाहनाचा परवाना देताना किंवा नूतनीकरण करताना हा नमुना हातात ठेवावा. ग्राहक पंचायतीचे कार्यकर्ते जिल्ह्याजिल्ह्यांत आहेत, त्यांनीही यात लक्ष घालावं अशी माझी त्यांना विनंती आहे.

ज्यांना आत्ताच असं बिल आलं आहे त्यांनी गप्प बसू नये. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. जिल्हा ग्राहक आयोगात ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराच्या तक्रारीला शुल्क लागत नाही. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात ‘अनुचित करार’ ही गोष्ट पहिल्यांदा आली, म्हणजे एकतर्फी, ग्राहकाच्या हक्कावर गदा आणणाऱ्या अटी. कुठली अट त्यात बसते हे आयोग ठरवेल. पण त्यासाठी पावती, ड्यूटी स्लिपची प्रत आणि मीटरचे फोटो जपून ठेवलेले पाहिजेत. माझ्याकडं निमंत्रणपत्रिकेच्या पाठीवरचे दोन आकडे आहेत आणि माझीच कोरी सही आहे, एवढ्यावर मी जाऊ शकलो नाही.

आमची सून परवा म्हणाली की तिच्या माहेरची माणसं श्रावणात औंढा नागनाथ आणि परळीला जायचं म्हणताहेत, गाडी सांगायची आहे, तुम्ही बोला. मी त्या चिठ्ठीचा नमुना हातानं लिहून तिच्याकडं दिला आहे. गाडीवाल्यानं पहिल्या चार ओळी लगेच मान्य केल्या. स्टेपनीच्या, म्हणजे गाडी बिघडून गेलेल्या वेळेच्या ओळीवर तो “बघू” म्हणाला आहे. आम्ही अजून आगाऊ रक्कम दिलेली नाही.

तोच नमुना या पत्रासोबत जोडला आहे. आपल्याकडं जागा असेल तर छोट्या जाहिरातींच्या पानावर, गाड्यांच्या ओळींच्या जवळ तो छापावा.

आपला,
एसटीचा एक निवृत्त कर्मचारी,
सातारा